मायक्रोकंट्रोलर प्रणालीतील निदान-संदेशांचे व्यवस्थापन : एक विवेचन

प्रस्तावना

संगणकावर लिहिलेली आज्ञावली चुकली तर पडदा समोर असतो, कळफलक हाताशी असतो आणि चूक नेमकी कोणत्या ओळीवर झाली हे सांगणारी साधनेही असतात. मायक्रोकंट्रोलरच्या बाबतीत यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. धुलाईयंत्रात, वीजमीटरमध्ये वा शेतातील पंपाच्या नियंत्रकात बसविलेली ही चकती मूकपणे काम करते व मूकपणेच चुकते. तिला बोलते करण्याचा सर्वांत जुना, स्वस्त आणि आजही सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे आज्ञावलीत ठिकठिकाणी संदेश पेरणे आणि ते सीरियल तारेवरून संगणकावर वाचणे. प्रयोगशाळेत यास सर्रास ‘डीबग प्रिंट’ म्हटले जाते. प्रस्तुत लेखात त्यास ‘निदान-संदेश’ ही संज्ञा वापरली आहे.

निदान-संदेश हे केवळ निरीक्षणाचे साधन आहे, त्याने प्रणालीच्या वर्तनात फरक पडत नाही, असा समज विद्यार्थ्यांत सर्वत्र आढळतो आणि अनेक पाठ्यपुस्तकेही तो अप्रत्यक्षपणे दृढ करतात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. संदेश पाठविण्यास वेळ लागतो, स्मृती लागते, वीज लागते. लहान प्रणालीत या तीनही गोष्टी मोजक्याच असतात. त्यामुळे संदेश लिहिणे हा आराखड्याचाच एक भाग ठरतो. तो कसा, हे आर्डुइनो उनो या सर्वपरिचित मंडलाच्या आधारे प्रथम पाहू. २०१० साली आलेल्या या मंडलावर एटीमेगा३२८पी हा आठ बिटांचा मायक्रोकंट्रोलर असून त्यात ३२ किलोबाइट फ्लॅश, केवळ २ किलोबाइट रॅम आणि १६ मेगाहर्ट्झचे घड्याळ आहे. २०२३ साली आलेल्या उनो आर४ या आवृत्तीत वेगळा, बत्तीस बिटांचा मायक्रोकंट्रोलर आहे. येथील आकडेमोड जुन्या उनोची आहे.

संदेशाची वेळेतील किंमत

सीरियल तारेवर एक अक्षर पाठविताना आठ बिटांच्या आधी एक प्रारंभ बिट व शेवटी एक समाप्ती बिट जातो, म्हणजे एकूण दहा बिट खर्च होतात. ९६०० बॉड या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे जातात. एका अक्षरास साधारण १.०४ मिलिसेकंद लागतो. चाळीस अक्षरांच्या एका साध्या ओळीस सुमारे ४१.७ मिलिसेकंद. एवढ्या अवधीत १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळाची साडेसहा लाखांहून अधिक आवर्तने होतात. एखाद्या मोटारीचे नियंत्रण दर मिलिसेकंदाला करावयाचे असेल, तर त्या वर्तुळात घातलेली ही एक ओळ चाळीस फेऱ्यांचा वेळ गिळते. वेग १,१५,२०० बॉडपर्यंत वाढविल्यास तीच ओळ सुमारे ३.५ मिलिसेकंदांत जाते. सुधारणा बारापट झाली हे खरे, परंतु एक मिलिसेकंदाच्या वर्तुळासाठी तीही पुरेशी नाही.

वेग वाढविण्यालाही एक लहानशी अट आहे. १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला पूर्णांकाने भागून १,१५,२०० हा आकडा नेमका मिळत नाही. एटीमेगाच्या सामान्य पद्धतीत जवळचा वेग १,११,१११ बॉड येतो व चूक साडेतीन टक्क्यांची राहते. दुप्पट वेगाच्या पद्धतीत १,१७,६४७ बॉड येतो व चूक २.१ टक्क्यांवर उतरते. दोन्ही टोकांच्या घड्याळांतील फरकाची बेरीज वाढली की अक्षरे बिघडू लागतात. संदेशात अधूनमधून निरर्थक चिन्हे दिसली की दोष आज्ञावलीत शोधला जातो. तो पुष्कळदा या भागाकारात असतो.

आर्डुइनोची १.० ही आवृत्ती २०११ साली आली, त्याआधी संदेश लिहिणारी आज्ञा प्रत्येक अक्षर निघून जाईपर्यंत थांबत असे. १.० पासून अक्षरे प्रथम रॅममधील एका बफरमध्ये ठेवली जातात आणि इंटरप्टच्या साहाय्याने पार्श्वभूमीवर बाहेर पडतात. उनोवर हा बफर ६४ बाइटांचा आहे. पहिली चाळीस अक्षरांची ओळ त्यात मावते आणि आज्ञा जवळजवळ तत्काळ परतते. लगेच दुसरी तेवढीच ओळ आली की सुमारे सोळा अक्षरे मावत नाहीत आणि आज्ञावली तेवढी अक्षरे बाहेर पडेपर्यंत थांबून राहते. म्हणजे एकाच आज्ञेचा कालावधी कधी काही मायक्रोसेकंद, तर कधी पंधरासोळा मिलिसेकंद. किंमत मोठी असणे एक वेळ सोसवते. किंमत अनिश्चित असणे हे वास्तवकाल प्रणालीस अधिक घातक आहे, कारण त्यासाठी आधी तरतूद करता येत नाही.

संदेश काढला आणि प्रणाली बिघडली

जिम ग्रे यांनी १९८५ साली संगणक बंद का पडतात याविषयीच्या आपल्या शोधनिबंधात ‘हायझेनबग’ हा शब्द वापरला. निरीक्षण करू जाताच जो दोष दिसेनासा होतो, तो हायझेनबग. नाव भौतिकशास्त्रातील हायझेनबर्गवरून आले असले तरी मायक्रोकंट्रोलरवरील या दोषामागे कोणतेही गूढ नाही. बहुतेक वेळा संदेशाने नकळत दिलेला विलंब हेच त्याचे कारण असते.

डीएस१८बी२० या तापमान-संवेदकाचे उदाहरण घेता येईल. तो महाविद्यालयीन प्रकल्पांत हमखास आढळतो. मोजणीची आज्ञा दिल्यानंतर ९ बिटांच्या अचूकतेसाठी त्यास कमाल ९३.७५ मिलिसेकंद, तर १२ बिटांसाठी कमाल ७५० मिलिसेकंद लागतात. वीज मिळताच त्याच्या नोंदवहीत ८५ अंश सेल्सिअस हे मूल्य आधीच भरलेले असते. आता असे समजू की एखाद्याने ९ बिटांची मोजणी सुरू करून थांबण्याची आज्ञाच लिहिली नाही. मात्र मोजणी आणि वाचन यांच्या दरम्यान प्रत्येकी चाळीस अक्षरांच्या चार निदान-ओळी घातल्या. एकूण १६० अक्षरे. त्यांतील ६४ बफरमध्ये मावतात, उरलेल्या ९६ अक्षरांसाठी ९६०० बॉडवर आज्ञावली बरोबर १०० मिलिसेकंद थांबते. संवेदकाला हवा असलेला अवधी आपोआप मिळाला आणि तापमान योग्य येऊ लागले. प्रकल्प पूर्ण झाला म्हणून या चार ओळी काढल्या, की पहिलेच वाचन ८५ अंश येते. दोष पहिल्या दिवसापासून होताच. संदेशांनी तो झाकून ठेवला होता. बॉडचा वेग ९६०० वरून १,१५,२०० केला तरी हाच परिणाम होईल, आणि तेव्हा तर एकही ओळ काढलेली नसल्याने शोधणारा अधिकच बुचकळ्यात पडेल.

याचीच दुसरी बाजू म्हणजे संदेशासोबत काढले जाणारे काम. संदेशाच्या कंसात गणक वाढविणारी वा संवेदक वाचणारी क्रिया लिहिलेली असेल आणि अंतिम आवृत्तीत संपूर्ण संदेश मॅक्रोद्वारे गाळला गेला, तर ती क्रियाही गळते. कंपायलर याबाबत इशारा देत नाही. संदेशाच्या कंसात केवळ मूल्य असावे, क्रिया असू नये, हा नियम पहिल्या प्रात्यक्षिकापासूनच शिकवणे इष्ट होय.

स्मृतीचा प्रश्न

एव्हीआर कुलातील मायक्रोकंट्रोलरची रचना हार्वर्ड पद्धतीची आहे. आज्ञावलीची स्मृती आणि माहितीची स्मृती यांचे पत्ते वेगळे असतात व सी भाषेतील साधा पॉइंटर माहितीच्या स्मृतीकडेच पाहतो. परिणामी अवतरणचिन्हांत लिहिलेले प्रत्येक वाक्य, ते कधीही बदलणार नसले तरी, आज्ञावली सुरू होताना फ्लॅशमधून रॅममध्ये उतरविले जाते. चाळीस अक्षरांचे तीस संदेश लिहिले की शेवटच्या शून्य-बाइटसह १२३० बाइट गेले. एकूण रॅम २०४८ बाइट. सीरियलचे आवक-जावक बफर १२८ बाइटांचे. उरलेल्या सातशेहून कमी बाइटांत सर्व चल आणि स्टॅक बसवावयाचा. स्टॅक वरून खाली वाढतो, चल खालून वर रचलेले असतात, आणि दोहोंच्या मध्ये कोणतीही भिंत नसते. ते एकमेकांवर चढले की मायक्रोकंट्रोलर तक्रार करीत नाही. एखाद्या असंबद्ध चलाचे मूल्य बदलते, वा मंडल पुन्हा पुन्हा सुरू होते. दोष शोधण्यासाठी आणखी दोन संदेश घालावेत, तर दोष आणखी वाढतो.

यावर आर्डुइनोत उपाय सोपा आहे. वाक्याभोवती ‘एफ’ हा मॅक्रो गुंडाळला की ते फ्लॅशमध्येच राहते व तेथूनच एकेक अक्षर वाचले जाते. एआरएम कॉर्टेक्स-एम कुलात फ्लॅश व रॅम एकाच पत्तामालिकेत असल्याने स्थिर वाक्ये मुळातच फ्लॅशमध्ये राहतात आणि हा प्रश्न उद्भवत नाही. मात्र तेथे प्रिंटएफ हे सर्वसमावेशक फलन स्वतःच जड असते, विशेषतः दशांश अपूर्णांक छापण्याची सोय जोडली की. तापमान २७.५ अंश असे छापण्याऐवजी २७५ हा पूर्णांक छापून ‘दशांश अंश’ हे एकक लिहिणे लहान प्रणालीत अधिक शहाणपणाचे.

इंटरप्टमधील संदेश

इंटरप्ट-फलनात संदेश लिहू नये, हे सूत्र सर्वत्र सांगितले जाते. कारण क्वचित सांगितले जाते. एव्हीआरमध्ये इंटरप्ट-फलन चालू असताना इतर इंटरप्ट बंद असतात. सीरियल बफर रिकामा करण्याचे काम मात्र दुसऱ्या एका इंटरप्टकडेच असते. बफर भरलेला असताना फलन जागा होण्याची वाट पाहू लागले, तर जागा करणारा बाहेर ताटकळत राहतो. आर्डुइनोच्या आरंभीच्या आवृत्त्यांत प्रणाली येथे कायमची गोठत असे. नंतरच्या आवृत्त्यांत इंटरप्ट बंद असल्याचे ओळखून अक्षरे थेट पाठविण्याची सोय झाली. गोठणे टळले, विलंब टळला नाही. इंटरप्टमध्ये केवळ एक ध्वज वा एक संख्या नोंदवावी आणि संदेश मुख्य वर्तुळातून लिहावा, हाच मार्ग योग्य होय.

पातळ्या आणि गाळणी

सर्व संदेश सारख्या महत्त्वाचे नसतात. संगणकजालातील सिसलॉग या पद्धतीत, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५४२४ या प्रमाणानुसार, आणीबाणीसाठी ० पासून डीबगसाठी ७ पर्यंत आठ पातळ्या आहेत. मायक्रोकंट्रोलरसाठी आठ पातळ्या अनावश्यक वाटतात. ईएसपी-आयडीएफसारख्या चौकटीत चूक, इशारा, माहिती, डीबग व सविस्तर या पाचांवर भागते. लहान प्रकल्पात तीनही पुरतात.

गाळणी कोठे लावावयाची हा खरा प्रश्न. आज्ञावली चालू असताना पातळी तपासली तर ती हवी तेव्हा बदलता येते, पण न छापलेल्या संदेशाचीही जागा फ्लॅशमध्ये जाते आणि तपासणीचा वेळही जातो. संकलनाच्या वेळीच गाळले तर किंमत शून्य होते, परंतु क्षेत्रावर गेलेल्या यंत्राला अधिक बोलते करण्याचा मार्ग उरत नाही. व्यवहारात दोन्हींचा मेळ घातला जातो : सविस्तर पातळी संकलनात गाळावयाची, उरलेल्यांपैकी काय छापावे हे चालू स्थितीत ठरवावयाचे.

बफर भरल्यावर काय करावे, याचा निर्णय बहुधा कोणी घेतच नाही. वापरलेल्या ग्रंथालयाने जो घेतला असेल तो नकळत स्वीकारला जातो. पर्याय तीन : थांबणे, नवा संदेश टाकून देणे, किंवा जुन्यावर नवा लिहिणे. नियंत्रणाचे काम करणाऱ्या यंत्रात थांबणे जवळजवळ नेहमीच चूक ठरते. चालू निरीक्षणासाठी नवा संदेश टाकावा, पण किती टाकले याची गणना ठेवून ती पुढील संदेशात छापावी; नाहीतर वाचणारा अपुऱ्या नोंदीस पूर्ण समजतो. बिघाडापूर्वीचे अखेरचे क्षण हवे असतील तर जुन्यावर नवे लिहावे. तार तुटलेला संवेदक दर फेरीला तोच इशारा देऊ लागला, तर तो एकटाच सारा बफर व्यापतो. अशा वेळी ‘हाच संदेश अमुक वेळा’ असे एकदाच छापण्याची युनिक्सची जुनी पद्धत येथेही उपयोगी पडते.

तारेखेरीज अन्य मार्ग

सर्वांत हलका निदान-संदेश अक्षरांचा नसतोच. एखादी रिकामी पिन उंच-नीच करण्यास एटीमेगावर दोन आवर्तने, म्हणजे १२५ नॅनोसेकंद लागतात. लॉजिक अॅनालायझर वा ऑसिलोस्कोप लावला की फलन किती वेळ चालले, कोणते आधी आले, हे तारेवरील कोणत्याही वाक्यापेक्षा अचूक कळते. तीन पिना असतील तर आठ अवस्था दाखविता येतात. हा मार्ग महाविद्यालयांत दुर्लक्षित राहिला आहे, याचे कारण उपकरणांचा अभाव नसून प्रात्यक्षिकांची मांडणी हे असावे.

कॉर्टेक्स-एम३ व त्यापुढील बहुतेक गाभ्यांत आयटीएम ही सोय असते. तीत बत्तीस वाहिन्या असून माहिती एसडब्ल्यूओ या एकाच पिनवरून बाहेर येते. कॉर्टेक्स-एम० मध्ये ती नाही. सेमीहोस्टिंग या पद्धतीत संदेशासाठी गाभा थांबवून डीबगरकडे नियंत्रण दिले जाते. ती अतिशय संथ आहे, आणि डीबगर जोडलेला नसेल तर कॉर्टेक्स-एमवर त्या आज्ञेने प्रणाली दोषस्थितीत जाते. मेजावर चालणारे मंडल खोक्यात बसविताच मृत होण्यामागे हे एक ठरलेले कारण आहे. सेगर या जर्मन कंपनीची आरटीटी पद्धत निराळी. तीत संदेश रॅममधील चक्राकार बफरमध्ये लिहिले जातात आणि गाभा चालू असतानाच डीबगर ती रॅम वाचतो. मायक्रोकंट्रोलरच्या वाट्याला केवळ स्मृतीत नक्कल करण्याचे काम येते.

अलीकडील विचार आणखी पुढे गेला आहे. वाक्य मायक्रोकंट्रोलरमध्ये ठेवायचेच कशाला? ते संगणकावरील संकलित फाइलीत राहू द्यावे. तारेवरून केवळ त्याचा क्रमांक आणि मूल्ये पाठवावीत. चाळीस अक्षरांच्या ओळीऐवजी दोन बाइटांचा क्रमांक व दोन बाइटांचे मूल्य, म्हणजे खर्च एकदशांश. रस्ट भाषेतील डेफएमटी आणि झेफायर या कार्यप्रणालीतील शब्दकोशाधारित नोंदपद्धती याच तत्त्वावर चालतात. उणीव एवढीच की यंत्रातील आज्ञावली आणि संगणकावरील फाइल एकाच आवृत्तीची असली पाहिजे. अन्यथा चुकीची, पण वाचनीय वाक्ये समोर येतात.

ठेवावे की काढावे

४ जुलै १९९७ रोजी मार्स पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. तो संगणक मायक्रोकंट्रोलरहून पुष्कळ मोठा होता. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही वास्तवकाल कार्यप्रणाली होती. हवामानविषयक नोंदी घेणाऱ्या कमी अग्रक्रमाच्या कार्याने एक सामायिक कुलूप धरले असताना मध्यम अग्रक्रमाची कार्ये त्यास बाजूला सारीत, आणि त्याच कुलुपाची वाट पाहणारे उच्च अग्रक्रमाचे कार्य वेळेत संपत नसे. ते संपले नाही हे लक्षात येताच प्रणाली स्वतःला पुन्हा सुरू करी. अग्रक्रम-विपर्यास या नावाने हा दोष आज सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. निदान-संदेशांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी. घटनांची नोंद करणारी सोय यानाच्या अंतिम आज्ञावलीतून काढलेली नव्हती. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिरूपावर हीच आज्ञावली, ही सोय चालू करून चालविली. दोष पुन्हा घडला आणि नोंदीत कारण दिसले. अग्रक्रम-वारसा हा पर्याय चालू करणारा बदल मग यानाकडे धाडण्यात आला. जे तपासले तेच उडवावे आणि जे उडवायचे तेच तपासावे, हे तत्त्व तेथे पाळले गेले होते.

अर्थात सारे जसेच्या तसे ठेवणेही योग्य नाही. विक्रीस गेलेल्या उपकरणाच्या मंडलावरील सीरियल जोडबिंदू हे त्यात शिरू पाहणाऱ्यांचे पहिले लक्ष्य असते, आणि वायफायचा परवलीचा शब्द संदेशात छापला जात असेल तर त्यास शिरण्याचीही गरज उरत नाही. संवेदनशील माहिती नोंदीत जाणे हा सीडब्ल्यूई या दोषसूचीत ५३२ क्रमांकाने नोंदलेला स्वतंत्र दोष आहे. बॅटरीवरील यंत्रात आणखी एक अडचण येते : संदेश पूर्ण जाण्याआधी निद्रावस्थेत गेल्यास अखेरची अक्षरे तुटतात, आणि ती जाईपर्यंत थांबल्यास निद्रेची बचत कमी होते.

या दोहोंमधील मार्ग म्हणजे तारेवर काही न पाठविता रॅममध्ये शेवटच्या काही घटनांचे क्रमांक राखणे. आज्ञावली सुरू होताना जो भाग शून्य केला जात नाही, त्यात हा लहान बफर ठेवावा व आरंभी एक ठरावीक खूणसंख्या लिहावी. वॉचडॉगने यंत्र पुन्हा सुरू केले तरी वीज टिकून असल्याने नोंद टिकते. एटीमेगातील एमसीयूएसआर या रजिस्टरमधून पुनरारंभाचे कारणही कळते. उनोवरील ऑप्टिबूट हा बूटलोडर मात्र ते रजिस्टर आधीच वाचून पुसून टाकतो, त्यामुळे तेथे शून्य दिसल्यास गोंधळून जाऊ नये.

प्रयोगशाळेतील उपयोजन

प्रकल्प-मूल्यमापनाच्या वेळी परीक्षक बहुधा अंतिम आज्ञावली पाहतात, आणि तीत संदेश नसणे हे नीटनेटकेपणाचे लक्षण मानले जाते. वरील विवेचन पाहता विद्यार्थ्याने संदेशांचा हिशोब द्यावा, ही अपेक्षा अधिक न्याय्य ठरेल : सर्वांत लांब ओळ किती अक्षरांची, निवडलेल्या बॉडवर तिला किती वेळ लागतो, मुख्य वर्तुळाचा अवधी किती, वाक्यांनी रॅम किती घेतली, बफर भरल्यास काय होते. यांपैकी पहिली तीन उत्तरे कागदावर काढता येतात. चौथ्यासाठी संकलनानंतर आर्डुइनोच्या खिडकीत दिसणारा रॅमचा आकडा ‘एफ’ मॅक्रोसह व त्याविना टिपून घ्यावा. पाचव्यासाठी मुद्दाम बॉड ३०० वर आणून, वर्तुळाच्या आरंभी उंच व शेवटी नीच केलेली एक पिन ऑसिलोस्कोपवर पाहावी. या वेगाला एका अक्षरास ३३ मिलिसेकंद लागतात व बफर दुसऱ्याच ओळीत भरतो.